धवल्यापुरता दम

“हितं कुदल नको मारूस, नामादादा.”

नामादादानं उगारलेली कुदळ तशीच धरून अंगणाकडे पाहिलं. मांडवाचे खांब उभे राहिले होते, वर ताडपत्री ताणायची तेवढी बाकी होती. “का रं? हितनं बी तुजा पायप जातंय काय?”

“पायप बांधाच्या पल्याड हाय. तुना म्हाईत हाय.”

“मंग?”

“चुलवन खनायचाच नाय या लग्नात,” काळूराम म्हणाला.

नामादादा हा काळूरामचा चुलतभाऊ, वयानं चांगला मोठा. घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचं चुलवण, म्हणजे अंगणात जमीन खणून केलेली लांबलचक चूल, त्याच्याच हातची असायची. त्यानं कुदळ खाली टेकवली आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. “रांधनार कशावर मंग? तुज्या टकुऱ्यावर?”

“जेवन केटरवाल्याला दिलाय.”

“आन् धवला? बायका धवला कोनासमोर बोलनार?”

“घरात. गॅससमोर.”

नामादादा हसला नाही. एरवी तो कशालाही हसतो, मयताच्या घरीसुद्धा कोपऱ्यात बसून दोन माणसांना हसवतो. म्हणून काळूरामला ते बरं वाटलं नाही.

तिवरखारच्या आगरी वस्तीत लग्नाला भटजी नंतर येतो, आधी येते धवलारीण. हळदीच्या सकाळी नवी चूल पेटते, तिच्यासमोर धवलारीण मांडी घालून बसते आणि देवांना, पाण्याला, विस्तवाला, घरातल्या गेलेल्या माणसांना आमंत्रण देते. बायका तिच्यामागून एकेक ओळ उचलतात. याला गाणं म्हणत नाहीत, धवला बोलणं म्हणतात. आता लग्नात डीजे येतो, ड्रोन उडतो, नवरी धुराच्या यंत्रातून स्टेजवर येते. पण धवला झाल्याशिवाय हळदीच्या वाटीला हात लावायची अजून कुणाची छाती होत नाही. आणि तिवरखारची धवलारीण होती ठमी, काळूरामची बायको. लग्न होतं त्यांच्याच लेकीचं, प्राप्तीचं.

नामादादाला वाटलं, काळूराम पुन्हा आपल्या गॅसची मिजास दाखवतोय. तसं वाटायला कारणही होतं. काळूरामचं सगळं आयुष्य त्या गॅसवरून चालण्यात गेलं होतं, आणि हे शब्दशः खरं आहे. समुद्राच्या पोटातून निघणारा गॅस किनाऱ्यावर येतो, आणि तिथून जमिनीखालच्या पाइपातून शेतं, खाजणं, आमराया ओलांडत लांबलांबच्या कारखान्यांना जातो. त्या पाइपाचा एक तुकडा काळूरामकडे होता. पिवळ्या खांबांच्या रांगेनं रोज चालत जायचं आणि चालत यायचं. पट्ट्यावर कुणी खणत नाही ना, झाड लावत नाही ना, भिंत घालत नाही ना, कुठं गवत आपोआप करपलं नाही ना, एवढं बघायचं. हातात काठी, डोक्याला टोपी. पूर्वी शिट्टी होती, आता मोबाइल दिला होता, आणि तो कुठवर चाललाय हे कुठल्यातरी हपिसात बसलेल्या माणसाला दिसत होतं. दिसत असेल बापडा. काळूराम त्या माणसासाठी चालत नव्हता, पाइपासाठी चालत होता.

त्याला त्या गॅसचा अभिमान होता. साहेब लोक सांगायचे ते तो गावात येऊन सांगायचा. कोळशासारखी राख नाही, काजळी नाही. याच्यावर वीज होते, शेतात टाकायचा युरिया होतो, मुंबईतल्या बायका नुसतं बटण फिरवतात की चहा तयार. नामादादा त्यावर म्हणायचा, “व्हय, आन् माज्या आंब्यांचा काय होतंय त्येच्यावर?” कारण पाइपाच्या पट्ट्यात नामादादाची कलमं आली होती, ऐन फळावरची. पट्ट्यात मूळ खोल जाईल असं झाड ठेवता येत नाही. कलमं तोडली तेव्हा उभं राहून बघायला काळूरामच होता, त्याची तर नोकरीच होती ती. “भरपाई भेटली रं,” नामादादा सांगायचा, “सावली नाय भेटली.” “नियम हाय, दादा,” एवढंच काळूराम म्हणायचा.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मात्र काळूरामच्या स्वतःच्या घरात होता. बांधापलीकडून मुंबईचा चहा जात होता आणि बांधाअलीकडे ठमी फुंकणीनं चूल फुंकत होती. सिलिंडर नव्हता असं नाही. तो होता, पण पाहुण्यांच्या चहापुरता. भाकऱ्या चुलीवर, भात चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर. सरपण म्हणजे खाडीकाठची वाळकी लाकडं आणि झावळ्या. खारं लाकूड, त्यात ओल. जळायचं कमी आणि धूर द्यायचं फार. काळूराम संध्याकाळी चालून यायचा तेव्हा कौलांमधून निघणारा तो धूर लांबून दिसायचा, आणि घरी भाकर तयार आहे म्हणून त्याला बरं वाटायचं. इतकी वर्षं त्याला ते बरंच वाटत आलं.

आणि लग्नसराईत तर ठमी दिवसाआड कुणाच्या ना कुणाच्या चुलवणासमोर. तिचा आवाज मोठा होता, थोडा खरबरीत, पण लांब जाणारा. खाडीच्या या काठावर ठमी बोलली की पलीकडच्या काठावरच्या बायका हातातलं काम थांबवतात, असं म्हणायचे. एका श्वासात ती तीन-तीन ओळी ओढायची आणि मागच्या बायका धापा टाकायच्या. त्यावरून ती त्यांची थट्टाही करायची, “काय गो, नवऱ्यानं उपाशी ठेवलीय काय?”

मग खोकला आला. आधी पहाटेचा, मग दिवसाचा. नंतर तिला विहिरीवरून कळशी आणताना मध्ये थांबावं लागायला लागलं. काळूराम तिला घेऊन अलिबागला छातीच्या डॉक्टरांकडे गेला. आश्लेषा मॅडम नावाच्या त्या डॉक्टरीण वयानं लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. ठमीला नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले, पुन्हा फुंकायला लावलं.

“विडी ओढता का तुम्ही, मावशी?”

“इडी हे ओढतात,” ठमीनं काळूरामकडे बोट केलं. “खोकला मना.”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. “चूल किती वर्षं?”

“लगीन झाल्यापासना. त्येच्या आदी आयसकडं.”

“आयुष्यभर विड्या ओढलेल्या माणसाच्या छातीसारखी झालीय तुमची छाती. गेलेला दम परत येणार नाही, हे मी आत्ताच सांगते. आहे तो मात्र जपता येईल. धूर म्हणून काही घ्यायचा नाही. उदबत्तीचासुद्धा नाही.”

“मी धवलारीन हाय,” ठमी म्हणाली.

मॅडमना ते काय असतं हे माहीत होतं. त्या औषधं लिहू लागल्या.

परत येताना सहा सिटांच्या रिक्षात काळूराम बाहेरच्या बाजूला बसला होता. रस्त्याच्या कडेनं त्याचे पिवळे खांब येत होते आणि जात होते. त्याला शरम वाटली. कुणी त्याला काही म्हणालं नव्हतं, ठमी तर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आणि तरी त्याला भर दुपारी, भरल्या रिक्षात, आपल्याच कपड्यांची शरम वाटली. कपड्यावर खिशाशी कंपनीची ज्योत शिवलेली होती.

मग दोन वर्षांपूर्वी गावात घरोघर गॅसचे नळ घालायचं काम आलं, तेव्हा काळूराम दारोदार हिंडला. लोक बिचकत होते. भिंतीतून गॅस म्हणजे उशाला साप, असं म्हणत होते. तो सांगायचा, हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, सिलिंडरच्या गॅससारखा खाली साठत नाही. याला मूळचा वास नसतो, घरात देताना मुद्दाम घाण वास मिसळतात, म्हणजे गळला तर कळावा. वास आला की दारंखिडक्या उघडा, कॉक बंद करा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. तो हे इतक्या वेळा बोलला की पोरं त्याची नक्कल करायला लागली. पहिली जोडणी त्यानं स्वतःच्या घरी घेतली. निळी ज्योत लागली त्याच दुपारी त्यानं पहार घेतली आणि ठमीची चूल फोडली. ठमी दारात उभी राहून बघत होती.

“जरा येल तरी थांबायचा,” ती म्हणाली. “आयसच्या हातची माती होती तिच्यात.”

तो थांबला नाही. मातीची ढेकळं त्यानं बांधाच्या भगदाडात नेऊन टाकली.

हे सगळं नामादादाला ठाऊक होतं. पण त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती तो विसरू देत नसे. मागच्या साली रस्ता रुंद करताना जेसीबीच्या दातानं गावचा पाइप फाटला होता. शिट्टीसारखा आवाज आणि घाण वास. काळूराम धावत सुटला, घराघरात ओरडून विस्तव विझवायला लावला, माणसं शाळेच्या मैदानावर नेली. कुणाला इजा झाली नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत दोन दिवस गावच्या शेगड्या थंड होत्या, आणि त्या दोन दिवसांत अर्धी आळी जेवली ती नामादादाच्या चुलीवर. काळूराम आणि ठमीसुद्धा. ठमी तेव्हा लांब ओटीवर बसून राहिली होती, धुरापासून दूर.

तेच आता नामादादानं काढलं. “तवा माजी चूल चालली ना? पाटावर बसून चार भाकऱ्या हानल्यास तू. आन् आता पोरीच्या लग्नाला चुलीची शिवाशिव?”

“शिवाशिव नाय रं दादा. ठमीला धूर चालनार नाय. तुना काय सांगायला पायजे काय?”

“एका सकालचा धूर.”

“एका सकालचाच. त्येवड्यासाटी तिचा दम घालवू?”

घरातून चप्पल सरकल्याचा आवाज आला. ठमी दारात आली, चौकट धरून जरा थांबली आणि पायरीवर बसली. बसल्यावरही लगेच बोलली नाही. तिचं बोलणं आता असंच झालं होतं, आधी दम घ्यायचा, मग शब्द.

“भावजी,” ती म्हणाली, “खना तुमी.”

नामादादानं काळूरामकडे पाहिलं. काळूराम पुढं येऊन कुदळ आणि जमीन यांच्या मधे उभा राहिला.

“मॅडम काय बोलली? उदबत्ती बी नको. आन् तू हितं चुलवनासमोर बसनार? चार लाकडं पेटली की तुना हास्पिटलात न्यावा लागंल. पोरीच्या हलदीच्या दिशी.”

“मॅडम बोलली, दम जप.” ठमी थांबली. “मी जपला. दोन वर्सं जपला. बोलले नाय, भांडले नाय. माजा भाव गेला, त्येच्या मयताला बी धड रडले नाय. कशाला जपला? याच दिवसाला ना?”

मांडवाची दोरी बांधणारा माणूस शिडीवर तसाच थांबला.

“दुसरी बाय बोलवू,” काळूराम हळूच म्हणाला. “रेवसकडची हाय एक.”

“माज्या पोरीचा धवला रेवसची बाय बोलंल?” एवढ्या एका वाक्यानं ठमीला खोकला लागला आणि तो पुष्कळ वेळ थांबेना. प्राप्ती आतून धावत आली. अलिबागला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायच्या कामाला होती, लग्नासाठी सुट्टी घेऊन घरी होती. तिनं आईच्या तोंडाला औषधाचा पंप लावला, पाठीवर हात ठेवून श्वास मोजत बसली. खोकला बसल्यावर तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“आये, तू धुरात बसलीस तर मी हलदीला बसणार नाय. सांगून ठेवते. ज्याला लावायची त्याला लावा.”

“सासरी गेल्यावं असा बोलू नको हां.”

“सासरी नाय बोलणार. इथं बोलते.”

ठमीनं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. पोर रडत नव्हती, पण तिची हनुवटी बारीक हलत होती. ठमीला ती हनुवटी ओळखीची होती. प्राप्ती लहानपणी हट्ट सोडायची नाही तेव्हा अशीच हलायची.

“बरा,” ठमी म्हणाली. “गॅससमोर बोलतंय मी. पन शेगडी खाली ठेवा. ओट्यावरची ज्योत मना बसल्यावं दिसनार नाय. दिसत नाय त्या ईस्तवाला बोलावू कशी?”

हे बरोबर होतं. चूल जमिनीवर असते, धवलारीण जमिनीवर बसते, दोघी समोरासमोर असतात. गॅसचा ओटा कमरेइतका उंच. प्राप्तीला सोडवणूक झाल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, “बाबा, नळी काढून शेगडी खाली घेऊ की.”

“नाय.”

“म्हणजे?”

“कंपनीच्या मानसाबिगर जोड हलवायचा नाय. नली खेचायची नाय. खाली जिमिनीवर, एवड्या बायका, त्यांचे पदर. नाय.”

“एका सकाळपुरतं, बाबा! कोण बघतंय?”

“मी बगतंय ना,” काळूराम म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, काय हा माणूस. बायकोचा एवढा एक हट्ट, त्यालाही नियम. प्राप्तीलाही तसंच वाटलं आणि ती रागानं आत गेली. पण नामादादा काळूरामकडे वेगळ्याच नजरेनं बघत राहिला. आपली कलमं तोडताना हाच माणूस ‘नियम हाय’ म्हणाला होता. नामादादानं त्या दिवशी मनात म्हटलं होतं, याच्या घरचं काही आडवं येऊ दे, मग बघू याचा नियम. ते आज आडवं आलं होतं, आणि काळूराम तोंड पाडून उभा होता, पण हलत नव्हता. नामादादानं कुदळ उचलून खांद्यावर टाकली.

“उभी ऱ्हाईन मी,” ठमी पायरीवरून म्हणाली.

“धवलारीन उभी?” नामादादा म्हणाला. “उभी तं पावनी असते.”

“मंग आज पावनी.”

हळदीच्या सकाळी स्वयंपाकघरात मुंगीला जागा नव्हती. मुळात खोली केवढी, त्यात आळीतल्या यच्चयावत बायका हिरव्या-पिवळ्या साड्यांत. मांडवात प्रज्योतनं, काळूरामच्या मुलानं, डीजेवाल्याला दम देऊन गप्प बसवलं होतं. तो स्वतः ट्रेलर चालवतो, त्याचा आवाज डीजेपेक्षा कमी नाही. पुरुष ओटीवर होते. काळूराम मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभा होता. बायकांच्या कामात तो कधी आला नसता, पण गॅस पेटायचा होता आणि गर्दी होती, एवढं कारण त्याला पुरे होतं.

तेवढ्यात नामादादा आला. हातात केळीच्या पानाची पुडी होती. धवला झाल्यावर नव्या चुलीतली चिमूटभर राख नवरीच्या कपाळी लावायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. त्यानं पुडी बायकांच्या डोक्यांवरून ठमीकडे सरकवली.

“माज्या चुलीतली हाय. सकाली पेटवली. तुमच्या गॅसला राख नसते.”

ठमीनं पुडी घेऊन कपाळाला लावली. काळूरामनं नामादादाकडे बघितलं, पण नामादादा छताकडे बघत होता.

प्राप्तीला पाटावर बसवलं. ठमी ओट्यापाशी गेली आणि तिनं बटण फिरवलं. ज्योत लागली, निळी, बिनआवाजाची. ठमीनं दोन्ही तळवे ओट्यावर टेकले आणि थोडी पुढं वाकली. तसं वाकलं की तिला दम बरा पुरतो, हे तिचं तिलाच गेल्या दोन वर्षांत सापडलं होतं. मग बसलेल्या बायकांमधली एक म्हातारी उठली. धवलारीण उभी असताना आपण कसं बसायचं, असं काहीतरी ती पुटपुटली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या उठल्या, पाटावरची नवरी तेवढी बसून राहिली.

“पयला बोलावना समिंदरा देवा,” ठमीनं सुरुवात केली, “ये माज्या मांडवा गो.”

“ये माज्या मांडवा गो,” बायकांनी उचललं.

आवाज पूर्वीचा नव्हता. खाडीपलीकडे काय, मांडवाच्या पलीकडेही गेला नसता. पण सूर जागच्या जागी होता. समुद्राला बोलावलं, खाडीला बोलावलं, बांधाला, शेताला. एका श्वासात एकच ओळ ती बोलत होती आणि बायकांची ओळ चालू असताना पुढचा श्वास भरून घेत होती. बायकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या आपली ओळ लांबवायला लागल्या. ठमीचे दिवस होते तेव्हा याच बायका धापा टाकायच्या. काळूरामनं मान खाली घातली.

विस्तवाचं आमंत्रण झालं. गेलेल्या माणसांची नावं झाली. मग धवला मांडवात आला, नवरीच्या माणसांवर. आजोबा, आजी, काका. नंतर येतो बाप. ‘बापूस तिचा अमका गो, मांडवी उभा,’ अशी ती ओळ आहे, आणि अमक्याच्या जागी धवलारणीनं नाव घालायचं.

“बापूस तिचा,” ठमी म्हणाली, आणि थांबली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि खोलीभर हशा पिकला. शेकडो लग्नांत शेकडो बापांची नावं बेधडक घेणारी ठमी, आणि स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायला लाजली!

“घे गो नाव, घे!”

“अगो बाय, आता म्हातारपनी लाजतेस?”

“उखान्यात घे!”

प्राप्तीसुद्धा हळदीच्या पाटावर तोंड दाबून हसत होती. आईची पाठ तिच्याकडे होती.

काळूराम उंबऱ्याशी होता, बाजूला. त्याला ठमीचं तोंड दिसत होतं. ती लाजत नव्हती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते, गळ्याची खाच आत ओढली जात होती आणि ओठांचा रंग गेला होता. श्वास होता, पण तो वरच्या वर फिरत होता, आत उतरत नव्हता. डोळे मोठे करून ती निळ्या ज्योतीकडे बघत होती. ओळ अर्धी राहिली होती. लेकीचा धवला अर्ध्यावर राहतोय हे तिला कळत होतं, आणि ते तिच्या तोंडावर इतकं उघडं दिसत होतं की काळूरामला बघवेना. धावत जाऊन धरावं तर धवला मोडला. न धरावं तर ती तिथंच बसली असती.

पुरुष धवला बोलत नाहीत. कुणी कधी ऐकलेलं नाही. काळूरामनं तो आयुष्यभर उंबऱ्याबाहेर बसून ऐकला होता, एवढंच.

“बापूस तिचा कालूराम गो,” तो म्हणाला, “मांडवी उभा.”

आवाज फाटका, सुराला धरून तर नव्हताच. पट्ट्यावर खणणाऱ्या माणसाला हाक मारावी तसा निघाला. हशा जागच्या जागी विझला. बायकांनी वळून त्याच्याकडे बघितलं, मग तो बघत होता तिकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. प्राप्ती पाटावरून अर्धी उठली, तिला म्हातारीनं खांदा धरून खाली बसवलं. मग त्या म्हातारीनंच ओळ उचलली.

“मांडवी उभा गो, मांडवी उभा.”

सगळ्यांनी उचलली. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. धवल्यात ती ओळ एकदाच येते, पण त्या बोलत राहिल्या. त्या वेळात ठमीचे खांदे हळूहळू खाली आले. एक श्वास आत गेला, थरथरत, मग दुसरा. तिनं मान वळवून काळूरामकडे पाहिलं आणि ओट्यावरचा एक हात उचलून बायकांना थांबवलं.

पुढची ओळ आईची. ‘आयस तिची अमकी गो, चुलीपाशी बसली.’ आजवर गावातल्या साऱ्या आयांना ठमीनं त्या ओळीत चुलीपाशी बसवलं होतं. बायकांच्या ओठांवर ते शब्द तयार होते.

“आयस तिची ठमी गो,” ठमी म्हणाली. थांबली. श्वास घेतला. “ती बी उभी.”

बायकांनी ओठांवर आलेले शब्द गिळले. मग सगळ्यांनी मिळून ती ओळ म्हटली, जशी ती बोलली तशी. काही जणींचा आवाज मध्येच गेला.

काळूरामला काय करावं सुचेना. काहीतरी करायला हवं म्हणून तो भिंतीला लागून सरकत खिडकी उघडायला गेला. ती सकाळपासून उघडीच होती.